चाळीस गाड्यांची मळणी

माझ्या गाडीत एकच सीट होती हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मारुती आठशे, पांढरी, आणि आत फक्त ड्रायव्हरची सीट. बाकीच्या वजन कमी करायला काढून माळ्यावर टाकल्या होत्या. सांगलीत माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि वर्षातून दोनदा ही गाडी टेम्पोत घालून मी मद्रासकडे शर्यतीला न्यायचो. तिथं ट्रॅक. गुळगुळीत डांबर. दर फेरीला त्याच वळणावर, त्याच जागी ब्रेक. नऊ वर्षांत मला दोन कप मिळाले. दोन्ही तिसऱ्या नंबरचे, पण हॉलमध्ये अशा ठिकाणी ठेवले होते की आलेल्या माणसाला चहा घेताना दिसलेच पाहिजेत.

त्र्याण्णव साली मद्रासच्या शर्यतीतला आमचा जुन्या गाड्यांचा गट बंद झाला. गाडी अंगणात उभी राहिली. माझी बायको पद्मा तिच्या टपावर पापड वाळत घालायला लागली. तेही मी चालवून घेतलं. पण पत्र्यावर पापड कसे दोन तासांत कडकडीत होतात हे ती शेजारणीला सांगत होती, तेव्हा मात्र मनाला लागलं.

अशातच आमच्या क्लबचे सेक्रेटरी सुमंत एक पत्रक घेऊन आले. फेब्रुवारीत रॅली होती. वडूजहून निघायचं आणि कच्च्या रस्त्यांनी आटपाडीला पोचायचं. चाळीस गाड्या, प्रत्येक गाडीत ड्रायव्हर आणि शेजारी रस्ता सांगणारा नॅव्हिगेटर. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला तर निकालात नाव नाही.

"तुम्हाला नुसतं दाखवायला आणलंय," सुमंत म्हणाले. "नाव देऊ नका, आप्पासो. ट्रॅकवाल्यांचं हे काम नाही. मुरमावर तुमचा ब्रेक चालत नाही. तुमच्यासारखे सगळे पहिल्या पाच मैलांत बाभळीत जातात."

हे त्यांनी पद्मासमोर म्हटलं, आणि माझे कप त्यांच्या डोक्यामागे होते. मग मला नाव देणं भागच होतं.

पद्मानं दोन अटी घातल्या. पहिली, नॅव्हिगेटर ती होणार. दुसरी, वेळेत आटपाडीला पोचलो तर गाडी राहील. नाही पोचलो तर मिरजेच्या डॉक्टरांना देऊन टाकायची. ते दोनदा विचारून गेले होते.

मी म्हटलं, "तुला कशाला बसायचंय? धूळ, धक्के."

"नऊ वर्षं तुम्ही जिथनं निघता तिथंच परत येताय," ती म्हणाली. "एकदा कुठंतरी जाऊ या."

मी माळ्याला शिडी लावली.

तर पहिलं काम, सीट खाली काढणं. माळ्यावर उंदरांनी तिच्यात संसार मांडला होता. ती अंगणात आणून झटकत असताना शेजारचे विष्णुपंत कुंपणाशी आले. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता आपल्या सहीनं झाला असं त्यांचं म्हणणं होतं.

"कुठला रस्ता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला.

"तो रस्ता नाही. तो नकाशावर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही तिथं दोनदा खडी टाकली. पहिली पावसानं नेली, दुसरी लोकांनी. आता जे आहे ते मुरूम. मुरमावर टायरमधली हवा कमी ठेवा."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, हवा जास्त ठेवा, आपण रात्रभर विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हवेचं जाऊ द्या, डिकीत दोन पोती वाळू टाका. मी आयुष्यभर त्या गाडीचं वजन कमी करत आलो होतो, अगदी दाराचं अस्तरसुद्धा काढलं होतं. वाळूच्या पोत्यांचा विचार करून मला जेवण गेलं नाही.

मग आरटीओ. रॅली साध्या रस्त्यावरून जाणार, म्हणून गाडी रीतसर पास करून घ्यायला हवी होती. शर्यतीच्या गाडीला हॉर्न नव्हता आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता. गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून तो बसवतात. इन्स्पेक्टर खाली वाकून बराच वेळ आत बघत राहिले.

"आत जनावर नेता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी बसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हॉर्न बसवून या म्हणाले. दुकानात त्या दिवशी ट्रकचा तीन सुरांचा एकच शिल्लक होता. तो बसवला. गाडी लगेच पास झाली.

फॉर्मचं तर विचारूच नका. भाग घेणाऱ्यानं घरच्या जबाबदार माणसाचा ना-हरकत दाखला जोडायचा होता. पद्मानं माझा लिहून दिला, मी पद्माचा. क्लबनं दोन्ही परत पाठवले. दोघं एकाच गाडीत असल्यानं, वाईट काही घडल्यास हरकत घेणारं मागं कुणीच राहत नाही, सबब तिसऱ्या माणसाची सही पाहिजे. विष्णुपंतांना विचारलं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "माझी हरकत आहे."

शेवटी सही केली पद्माचा धाकटा भाऊ हंबीररावनं. तो वडूजला असायचा. सतरा वर्षं लष्करात ट्रक चालवून, रिटायर होऊन आला होता, आणि वडूज ते मायणी वडापची जीप चालवायचा. वडाप म्हणजे नऊ माणसांच्या जीपमध्ये एकोणीस माणसं घालून, विसावं दिसलं की थांबायचं. सही केल्यावर तो म्हणाला, "दाजी, सही दिली. पर तुमी मुरमावर गाडी चालवताय कशी ती बगू द्या की मला."

त्याच्या गावाबाहेरच्या माळावर मी त्याला चालवून दाखवली. मला वाटलं तो चकित होईल. वळण आलं, मी ट्रॅकवर नऊ वर्षं केलं तसंच केलं. शेवटच्या क्षणी ब्रेक, मग हलक्या हातानं स्टिअरिंग. गाडी सरळ गेली. वळण डावीकडे गेलं आणि आम्ही बोरीच्या झुडपात.

हंबीरराव शांतपणे खिडकीतून हात घालून बोरं तोडायला लागला.

"दाजी, तुमी तिला लय धरून ठेवताय. सोडा की जरा."

"सोडली तर मागचा भाग घसरेल."

"घसरू द्या की. तिला बी कळतंय कुटं जायचं ते."

हे मला पटणं शक्य नव्हतं. घसरणं म्हणजे चूक, हे मी नऊ वर्षं शिकलो होतो. आठ रविवार मी वडूजला जाऊन शिकवणी घेतली आणि आठ रविवार काट्यांत गेलो. संध्याकाळी पद्मा चिमट्यानं माझ्या दंडातले काटे काढायची. ती सांगलीच्या दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे हळुवारपणाचा प्रश्न नव्हता. "हलू नका, लहान पोरं बरी तुमच्यापेक्षा," असं म्हणायची आणि काढलेले काटे बशीत मोजून दाखवायची.

माझी शिकवणी अशी चालली असताना तिची तयारी मात्र झाली होती. लग्नाआधी चार वर्षं ती त्याच भागात सायकलवरून लसी टोचत फिरली होती. रॅलीच्या आधीच्या आठवड्यात रस्ता बघून लिहून घ्यायला परवानगी होती. बाकीचे लोक लिहीत होते, अमुक अंतरावर डावं वळण, तमुक अंतरावर खड्डा. पद्माच्या वहीत होतं: 'हरणाबाईचं घर, उजवीकडे, जोरात. तिच्या न्हाणीचं पाणी रस्त्यावर, हळू. मनुबाईचा उकिरडा, डावीकडे दाबून. हरिबानानांचं वळण, फार वाईट.'

मी म्हटलं, "अगं, अंतर लिही."

"अंतर कशाला? घर हलतंय का?"

पण खरी अडचण वेगळी होती. प्रत्येक घरी थांबावं लागलं. वीस वर्षांनी नर्सबाई आली म्हटल्यावर चहा आला. तिच्या ओळखीच्या बावीस किलोमीटरच्या तुकड्याला आम्हाला सहा तास लागले आणि अकरा चहा झाले. हरिबानानांकडचा चहा गुळाचा होता की साखरेचा, हे लिहिताना तिला विचारावंसं वाटलं. पद्मा जाऊन दोन वर्षं झाली. विचारायला कुणी नाही, म्हणून गुळाचा लिहितो.

हरिबानाना सत्तरीचे होते. त्यांच्या खळ्यावर हरभरा काढून टाकलेला होता, अजून मळायचा होता. बैल त्यांनी गेल्या साली विकले होते.

"नर्सबाई, रविवारी म्हंजी नक्की किती गाड्या?"

"चाळीस, नाना. सकाळी नवाला सुरू. जनावरं बांधून ठेवा, पोरांना आत घ्या. सगळ्यांना सांगा."

"सांगतो की," नाना म्हणाले. त्यांची बायको सुलाबाई आणि ते एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना आमची काळजी वाटते.

रविवारी वडूजला आम्हाला शेवटचा, चाळिसावा नंबर मिळाला. सुमंत झेंडा धरून उभे होते. पद्माच्या डोक्यावर माझं जुनं हेल्मेट, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही. नऊवारी नेसणाऱ्या तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, हा अवतार बघितला असता तर काय म्हणाली असती, याचा विचार मी तेवढ्यात करून घेतला.

पहिले दोन टप्पे बरे गेले. बरे म्हणजे आम्ही रस्त्यावर राहिलो. मी सगळीकडे आधीच ब्रेक मारत होतो आणि पद्मा शांत आवाजात वाचत होती. "हरणाबाई. उजवीकडे. जोरात. आणखी जोरात, ती घरात आहे." तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला तिनं घड्याळ बघून सांगितलं, "सतरा मिनिटं उशीर. अजून तेरा आहेत. पुरतील." तिच्या आवाजातला आनंद मला हेल्मेटमधूनही ऐकू आला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की गाडी मिरजेला जात नाही.

मग पद्मानं वाचलं, "हरिबानानांचं वळण. फार वाईट." आणि वर बघून त्याच आवाजात म्हणाली, "पुढं हरभरा."

आमच्या भागात ही जुनी रीत आहे. खळ्यावर बैल फिरवायची सोय नसली की लोक पीक रस्त्यावर पसरतात. एसटी जाते, ट्रॅक्टर जातो, चाकाखाली मळणी होते, संध्याकाळी दाणे गोळा करायचे. आणि इथं तर नर्सबाई स्वतः येऊन सांगून गेली होती की रविवारी सकाळी नवाला चाळीस गाड्या, फुकट. त्यांनी दीडशे मीटर रस्ता गुडघाभर हरभऱ्यानं झाकला होता, आणि आमच्या वाट्याला त्याची काडं उरली होती.

मी ब्रेक मारला. ब्रेकला काही कळलंच नाही. गाडी त्या काडांवर तेलावर सोडल्यासारखी निघाली. मागचा भाग उजवीकडे गेला, मग डावीकडे, मग आम्ही आडवे झालो आणि तसेच आडवे, अगदी सावकाश, वळण संपवून हरिबानानांच्या पायांपासून चार हातांवर थांबलो. ट्रकचा हॉर्न मधेच कधीतरी वाजला, तो अजून वाजत होता. मी हात काढल्यावर थांबला.

रस्त्याच्या कडेला हंबीररावची जीप होती. वडाप बंद ठेवून तो सगळ्या पॅसेंजरांना रॅली दाखवायला घेऊन आला होता.

"जमलं की, दाजी," तो म्हणाला.

पण बाकी कुणी हसत नव्हतं. दहा-बारा माणसं रस्ता अडवून उभी होती.

"नर्सबाई, ह्या कसल्या गाड्या?" हरिबानाना म्हणाले. "एकुणचाळीस गेल्या. एक बी दमानं गेली न्हाई. समदा हरभरा उडवला. बगा तिकडं."

मी बघितलं. दोन्ही बाजूंच्या रानात, बांधावर, बाभळींवर हरभरा लटकला होता. मळणी अशी झालीच नव्हती. चाकं इतक्या जोरात गेली होती की दाणा घाट्यातच राहिला आणि घाटा शेजाऱ्याच्या शेतात.

"नाना, मी गाड्या येणार म्हणाले होते," पद्मा म्हणाली. "मळायला म्हणाले नव्हते."

"आता बाई, गाडी म्हंजी चाकं आली. चाळीस गाड्या तुमी सांगितल्या. आमी काय समजायचं?"

सुलाबाई खाली बसून मुरमातले दाणे एकेक वेचत होत्या. वर्षाचं तेवढंच पीक होतं त्यांचं.

मी हळूच म्हटलं, "पद्मा, अकरा मिनिटं राहिलीत. ही माणसं बाजूला होतील तर..."

पद्मानं पट्टा सोडला आणि दार उघडलं. नॅव्हिगेटर खाली उतरला की वेळ काही थांबत नाही, हे मी तिला सांगितलं. नियम काय आहे, किती मिनिटं राहिली, गाडीचं काय ठरलं होतं, तेही सांगितलं. ती बांधावर गेली होती. तिथून तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही येताय, का तिथनं सांगताय?"

मी उतरलो. नऊ वर्षं मी शर्यतीत गाडी सोडून कधी उतरलो नव्हतो, धूर निघाला तेव्हासुद्धा. हंबीररावनं जीपमधले एकोणीस पॅसेंजर रानात उतरवले. त्यातले दोघं आपल्याला मायणीला जायचंय असं म्हणत होते, पण वेचायला लागले. मी हेल्मेट काढून त्यात हरभरा भरला आणि खळ्यावर नेऊन ओतला. सुमंतांनी हे बघितलं नाही, यात मला तेव्हा समाधान वाटलं.

तासाभरात बराचसा माल खळ्यावर आला. हरिबानाना ढिगाकडे बघत उभे राहिले.

"आता मळायचं कसं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे माझ्या गाडीकडे.

खळं कसं असतं हे सांगायला हवं. गोल, शेणानं सारवलेलं, मधोमध एक खांब. त्याला तिवडा म्हणतात. त्याच्याभोवती बैल फिरतात. मी गाडी आत घेतली. पद्मा येऊन शेजारी बसली.

"वही नको," मी म्हटलं. "हा रस्ता मला येतो."

आणि मी फिरायला लागलो. पहिली फेरी दमानं. दुसरीही. मग काडं दबली, गाडी थोडी मोकळी झाली, मागचा भाग जरासा बाहेर जायला लागला आणि मी तो जाऊ दिला. आठ रविवार बोरीच्या काट्यांत जाऊन जे जमलं नव्हतं, ते तिसऱ्या फेरीला माझ्या हातात आलं. पाय उचलला की शेपूट बाहेर, पाय टाकला की जागेवर. तिवड्याभोवती गाडी एका ठिकाणी नाचल्यासारखी फिरत होती आणि खाली घाटे फुटल्याचा आवाज येत होता. खळ्याच्या कडेनं एकोणीस पॅसेंजर फेऱ्या मोजत होते. मद्रासला माझ्या फेऱ्या मोजायला एक माणूस असायचा, तोही दुसऱ्या कुणाचा.

"दाजी, भायेरच्या कडंला अजून राह्यलंय," हंबीरराव ओरडत होता. "भायेरनं घ्या."

बाराव्या फेरीला सायलेन्सरला भुसा चिकटून धूर निघाला. सुलाबाईंनी धावत येऊन गाडीखाली घागर ओतली आणि पुन्हा बाजूला झाल्या. मी वाट बघितली, धूर गेला, पुन्हा फिरलो. किती फेऱ्या झाल्या ते मला आठवत नाही. पद्मानं पिंजऱ्याची नळी धरली होती आणि ती हसत होती. हेल्मेट तिनं कधीच काढून टाकलं होतं. तिच्या केसांत, भुवयांवर सगळा भुसा होता. आमच्या लग्नातसुद्धा ती इतकी हसली नव्हती, पण लग्नात फोटोग्राफर फार वेळ घेत होता.

नानांनी दाणे ओंजळीत घेऊन फुंकर मारली. "झालं," ते म्हणाले. "बैलापरीस बरं निघालं. आता च्या घेऊनच जायाचं."

मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. चहा घेतला. गाडीच्या टपावर कुणीतरी हरभऱ्याचं एक लहान पोतं बांधून ठेवलं होतं. वजनाचा विचार न करता मी त्याची गाठ आणखी आवळली.

पुढचा रस्ता मी असा चालवला जसा त्याआधी कधी चालवला नव्हता. उशीर तर होऊन गेला होता, पण हात मोकळे झाले होते. पद्मा वाचत होती, एकही ओळ न गाळता, आणि गाडी प्रत्येक वळणावर आडवी होऊन बाहेर पडत होती. टपावरचं पोतं धडधडत होतं.

आटपाडीला पोचलो तेव्हा शेवटची कमान उतरवली होती. टेबलं टेम्पोत चढली होती. सुमंत एका खुर्चीवर बसून यादी दुमडत होते, कारण ती खुर्ची तेवढी चढवायची राहिली होती.

"बाभळीत?" त्यांनी विचारलं.

"हरभऱ्यात," मी म्हटलं.

त्यांनी टपावरचं पोतं बघितलं आणि दुमडलेली यादी पुन्हा उघडली. निकालाच्या कागदावर चाळीस नंबरसमोर 'पोचले नाहीत' असं आधीच टाईप झालं होतं. आम्ही समोर उभे असूनही ते बदलता येईना. सुमंत चांगला माणूस, पण कागदापुढं त्यांचा इलाज चालायचा नाही.

मी गाडीत येऊन बसलो. डॉक्टरांना उद्या फोन करावा लागणार होता. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. गाडी चांगली आहे, जपून वापरलीय, हॉर्न नवीन आहे.

"किती उशीर झाला गं एकूण?" मी विचारलं.

पद्मानं गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्यासमोर धरलं.

"एकोणीस मिनिटं."

"हे कसं? तिथंच आपले अडीच तास गेले."

"मी नानांच्या दारात उतरताना बंद केलं आणि निघताना चालू केलं," ती म्हणाली. "ते काम होतं. रॅलीत कशाला धरायचं?"

"सुमंत धरतात."

"अट मी घातली होती. सुमंतांनी नाही." मग तिनं पट्टा लावला. "घरी चला. डॉक्टरांना सांगा, गाडी रिकामी नाही."

आटपाडीच्या बाहेर डांबरी लागलं आणि पाच मिनिटांत ती झोपली. मान माझ्या बाजूला कलली होती, तोंड जरा उघडं, केसांत भुसा तसाच. मागून ट्रक आले, ते पुढं गेले. एसटी पुढं गेली. एक मोपेडवाला पुढं गेला आणि गाडीवरचा नंबर आणि रंगीत पट्टे बघून त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. जाऊ दे म्हटलं.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली आणि तिनं घड्याळ बघितलं.

"अगंबाई, साडेतीन तास? आटपाडीवरनं एवढा वेळ?"

"रस्ता फार खराब होता," मी म्हटलं.

तो रस्ता त्याच महिन्यात नवीन केला होता.